राज्यघटना आणि राज्याची घटना

मराठीत एक शब्द आपण फार सैलपणे वापरीत आलो आहोत. 'राज्यघटना' म्हटले की मनात येते ती २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेली भारताची घटना. वस्तुतः या समासाचा विग्रह केला तर 'राज्याची घटना' एवढाच अर्थ हाती लागतो. हा शब्द रूढ झाला तेव्हा 'राज्य' म्हणजे सार्वभौम सत्ता अशी समजूत होती. पुढे त्याच घटनेने जुन्या प्रांतांस व संस्थानी संघांस 'राज्य' हे नाव बहाल केले आणि घोटाळ्यास जागा झाली. एखादा चौकस विद्यार्थी वर्गात उभा राहून विचारतो, "राज्यघटना देशाची असते, तर मग राज्यांस घटना असते की नाही?" आणि शिक्षकाला क्षणभर थांबावे लागते. आज या प्रश्नाचे उत्तर 'नसते' असे आहे. परंतु ते नेहमीच तसे नव्हते. एके काळी आपल्या देशात निरनिराळ्या राज्यांच्या घटना होऊ घातल्या होत्या. एका राज्याची तर प्रत्यक्षात झाली आणि बासष्ट वर्षे नांदली. हा इतिहास आमच्या ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबादकडील वाचकांच्या अंगणातूनच पुढे गेलेला असल्यामुळे तो थोड्या विस्ताराने सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम परदेशातील एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू, कारण घटनाकारांच्याही डोळ्यांपुढे ते होते. अमेरिकेत राज्यांच्या घटना आधी झाल्या आणि राष्ट्राची मागाहून. मॅसाच्युसेट्सची घटना १७८० सालची. जॉन ॲडम्स याने तिचा मसुदा केला, गावोगावच्या सभांनी तो तपासला, आणि अनेक दुरुस्त्यांसह ती घटना आजही चालू आहे. अमेरिकेची संघीय घटना १७८७ मध्ये लिहिली गेली, म्हणजे ती वयाने सात वर्षांनी धाकटी. मॅसाच्युसेट्सच्या घटनेत नागरिकांच्या हक्कांची सनद आरंभीच होती. संघीय घटनेला ती १७९१ मध्ये दहा दुरुस्त्यांच्या रूपाने जोडावी लागली. याहून बोलका फरक गुलामगिरीविषयी आहे. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत या मॅसाच्युसेट्सच्या घटनेतील वाक्याचा आधार घेऊन तेथील न्यायालयाने १७८३ मध्येच गुलामगिरीच्या मुळावर घाव घातला. राष्ट्राच्या घटनेला तेवढे धैर्य येण्यास १८६५ साल उजाडावे लागले, आणि तेही चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर. राज्याची घटना राष्ट्राच्या घटनेपुढे चालू शकते याचा हा दाखला होय. ती मागेही ओढू शकते, हे दक्षिणेकडील राज्यांच्या घटनांनी तितक्याच स्पष्टपणे दाखविले आहे.

भारतात क्रम उलटा झाला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी हा भेद मुद्दाम विशद केला होता. अमेरिकेतील राज्यांना आपापली घटना करण्याची मोकळीक आहे. भारतात संघाची घटना आणि घटक राज्यांची घटना ही एकच चौकट असून तिच्यातून कोणासही बाहेर पडता येणार नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. हे भाषण आपल्याकडे पुष्कळ वाचले जाते. मात्र त्याच भाषणाचा शेवटचा भाग फारसे कोणी ध्यानात घेत नाही. त्यात डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट कबुली दिली की, ही एकच चौकट प्रांतांपुरती खरी आहे, संस्थानांना ती अजून लागू नाही. संस्थानांशी वाटाघाटी करणाऱ्या समित्यांमध्ये जे ठरले होते त्याने घटना समितीचे हात बांधलेले होते, आणि त्यामुळे संस्थानांस केंद्राशी निराळे नाते व स्वतःचे सैन्यही ठेवण्याची सवलत मसुद्यात राहिली होती. सैन्याच्या या सवलतीवर तर त्यांनी कडक शब्दांत टीका केली. देशाचे ऐक्य मोडण्याचे बीज त्यांना तिच्यात दिसत होते. मग त्यांनी जर्मनीचे उदाहरण दिले. बिस्मार्कने उभारलेल्या साम्राज्यात पंचवीस घटक होते, त्यांपैकी बावीस राजसत्ताक व तीन प्रजासत्ताक नगरे. कालांतराने हा भेद मावळला. भारतात हे काम याहून पुष्कळ लवकर होईल अशी आशा त्यांनी व्यक्त केली. ती वर्षभरातच खरी ठरली.

ती कशी खरी ठरली हे पाहण्यासाठी मध्य भारताकडे वळले पाहिजे. ऑगस्ट १९४७ मध्ये संस्थानिकांनी सामीलनाम्यांवर सह्या केल्या त्या संरक्षण, परराष्ट्रव्यवहार आणि दळणवळण या तीन विषयांपुरत्या. बाकी सर्व कारभार त्यांच्याकडेच होता. सरदार पटेल व व्ही. पी. मेनन यांनी पुढल्या दोन वर्षांत काही संस्थाने शेजारच्या प्रांतात विलीन केली, तर काहींचे संघ बांधले. विलीन झालेल्यांच्या बाबतीत निराळ्या घटनेचा प्रश्नच उरला नाही. दक्षिणेतील मराठी संस्थाने १९४८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबई प्रांतात गेली, कोल्हापूर व बडोदे १९४९ मध्ये. त्यांतील औंधाचा विसर पडू देणे आम्हांस बरे वाटत नाही. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये, गांधीजींचा सल्ला घेऊन, आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी घटना जाहीर केली होती. ग्रामपंचायत हा तिचा पाया होता. एका लहानशा मराठी संस्थानाने स्वतःसाठी केलेली ती खरीखुरी राज्याची घटना होती. नऊ वर्षांत संस्थानासह तीही इतिहासजमा झाली.

संघांची गोष्ट निराळी. सौराष्ट्र, मध्य भारत, पतियाळा व पूर्व पंजाब संस्थाने, राजस्थान यांच्या करारनाम्यांत एक कलम सारखे आढळते: या संघासाठी एक घटना समिती बसेल आणि ती संघाची घटना तयार करील. २८ मे १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मध्य भारताचे उद्घाटन झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, इंदूरचे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. धार व देवास ही पवारांची संस्थाने, रतलाम, जावरा वगैरे लहानमोठी ठिकाणे या संघात आली. राजधानी वर्षातील काही महिने ग्वाल्हेरला आणि काही महिने इंदुरास असे. दफ्तरांचे गठ्ठे त्याप्रमाणे इकडून तिकडे जात. शिंदे व होळकर यांचे दीड शतकाचे वैर या एका व्यवस्थेने मिटविले, हे तिच्या गैरसोयीची चेष्टा करणारांनी लक्षात ठेवावे. कागदावर पाहता या संघास स्वतःची घटना लाभायची होती. तिच्यासाठी ठरलेली समिती कधी बसलीच नाही.

असे का झाले? एक कारण भीतीचे होते. डिसेंबर १९४६ मध्ये मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात घटकांना शेषाधिकार देण्याची भाषा होती. फाळणी ठरताच ती मागे पडली आणि बळकट केंद्राची भाषा आली. दुसरे कारण सोयीचे. नऊ ठिकाणी नऊ घटना झाल्या असत्या तर प्रत्येकीचा केंद्राच्या घटनेशी मेळ घालण्यात वर्षे गेली असती. म्हणून नोव्हेंबर १९४८ च्या सुमारास सर बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमून संस्थानी राज्यांसाठी नमुन्याची घटना करण्याचा उद्योग सुरू झाला. नमुना तयार झाला तेव्हा दिसून आले की, तो प्रांतांच्या व्यवस्थेहून फारसा वेगळा नाही. मग स्वतंत्र घटना हवी कशाला? तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. या राज्यांत मंत्रिपदी आलेली बहुतेक मंडळी प्रजामंडळांच्या व प्रजापरिषदांच्या चळवळींतून आलेली होती. त्यांनी आयुष्य घालविले होते ते राजाच्या खास व्यवस्थेशी झगडण्यात. आपल्या राज्याला प्रांतांपेक्षा वेगळी घटना म्हणजे राजवाड्याला आणखी एक खिडकी, असा त्यांचा ग्रह असणे स्वाभाविक होते. मे १९४९ मध्ये या राज्यांच्या मुख्य मंत्र्यांची दिल्लीत बैठक झाली आणि राज्यांची घटना भारताच्या घटनेचाच भाग असावी असे ठरले. तोपर्यंत घटना समित्या प्रत्यक्ष बसलेल्या होत्या त्या सौराष्ट्र, त्रावणकोर-कोचीन व म्हैसूर एवढ्याच ठिकाणी. १२ ऑक्टोबर १९४९ रोजी सरदारांनी घटना समितीत या निर्णयाचे निवेदन केले. १९३५ च्या कायद्यात लोकशाही प्रांत व राजघराणी यांची जी मोट बांधली होती ती सोडून जनतेच्या सार्वभौमत्वावर उभा राहिलेला हा खरा संघ आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. नोव्हेंबरात राजप्रमुखांच्या घोषणा निघाल्या आणि प्रश्न मिटला.

तरी थोडे अंतर राहिलेच. 'ब' वर्गातील राज्यांसाठी अनुच्छेद २३८ होता. प्रांतांसाठी लिहिलेली सर्व व्यवस्था काही फेरफारांनी या राज्यांस लागू होईल, असे तो सांगे. राज्यपालाच्या जागी राजप्रमुख हा त्यांतला ठळक फेरफार. राज्यपाल पाच वर्षांसाठी येई. शिंदे सरकार तहहयात राजप्रमुख होते. दुसरा फेरफार बोचणारा होता. मूळच्या अनुच्छेद ३७१ प्रमाणे ही राज्ये दहा वर्षे केंद्राच्या सर्वसाधारण देखरेखीखाली ठेवली होती. म्हणजे स्वतंत्र घटनेचा हक्क सोडल्यावर समान दर्जा मिळण्याऐवजी उमेदवारी वाट्याला आली! हैदराबादची कथा तर याहून कठीण. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर तेथे सव्वा वर्ष लष्करी राज्यपालाचा अंमल होता. ज्या निजामाने वर्षभर स्वतंत्र राहण्याचा खटाटोप केला, तोच २६ जानेवारी १९५० रोजी नव्या घटनेखाली राजप्रमुख झाला, आणि लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ येण्यास १९५२ साल उजाडले. पुढे सातव्या घटनादुरुस्तीने १ नोव्हेंबर १९५६ रोजी 'ब' वर्ग, राजप्रमुख आणि अनुच्छेद २३८ ही तिन्ही एकदम गेली. मध्य भारत मध्य प्रदेशात मिळाला, मराठवाडा मुंबई राज्यात आला.

या घटनेला सोळा दिवस होतात न होतात तोच, १७ नोव्हेंबर १९५६ रोजी, देशाच्या उत्तर टोकाला एका राज्याने स्वतःची घटना संमत केली. ते राज्य अर्थातच जम्मू व काश्मीर.

इतर संस्थानांनी जो हक्क सोडला तो काश्मीरने का सोडला नाही, हा प्रश्न १७ ऑक्टोबर १९४९ रोजीच घटना समितीत निघाला होता. एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी अनुच्छेद ३०६-अ मांडला (हाच पुढे ३७० झाला), तेव्हा मौलाना हसरत मोहानी यांनी हा भेदभाव कशासाठी असे विचारले. अय्यंगारांचे उत्तर परिस्थितीवर बोट ठेवणारे होते: राज्याचा काही भाग शत्रूच्या हाती आहे, प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात अडकला आहे, इतर संस्थानांसारखे एकीकरण करण्याइतके ते राज्य अजून परिपक्व झालेले नाही. महाराजा हरिसिंगांनी २६ ऑक्टोबर १९४७ रोजी केलेला सामीलनामा तीन विषयांपुरताच होता, आणि अंतर्गत व्यवस्थेसाठी त्यांचाच १९३९ चा घटना कायदा चालू होता. युवराज करणसिंगांच्या १ मे १९५१ च्या घोषणेने घटना समिती बोलाविण्यात आली व ती ३१ ऑक्टोबर १९५१ रोजी भरली. तिच्यातील सर्व पंचाहत्तर जागा नॅशनल कॉन्फरन्सने जिंकल्या होत्या. बहुतेक जागी विरोधकच नव्हता. जम्मूच्या प्रजा परिषदेचे पुष्कळ अर्ज नामंजूर झाल्यावर तिने बहिष्कार घातला होता. समितीच्या या जन्मदोषाची आठवण ठेवूनच पुढले वाचले पाहिजे. तिने राजपद नाहीसे केले, ऑगस्ट १९५३ मध्ये तिचा पुढारी शेख अब्दुल्ला अधिकारावरून दूर होऊन कैदेत गेलेला पाहिला, फेब्रुवारी १९५४ मध्ये सामीलीकरणास संमती दिली, आणि गुलाम महंमद सादिक यांच्या अध्यक्षतेखाली घटना पुरी केली. २६ जानेवारी १९५७ रोजी घटना अमलात आली व समिती विसर्जित झाली.

आता दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहू. भारताच्या मूळ घटनेत ३९५ अनुच्छेद. काश्मीरच्या घटनेत १५८ कलमे. दोघींचे सरनामे एकाच घाटाचे आहेत. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे चारही शब्द दोहोंकडे आहेत आणि बोलणारे दोहोंकडे 'आम्ही लोक'च आहेत. मात्र काश्मीरच्या सरनाम्यात एक वाक्य अधिक आहे: सामीलीकरणास अनुसरून, भारतीय संघराज्याचा अविभाज्य घटक या नात्याने असलेला संबंध अधिक स्पष्ट करण्यासाठी ही घटना आहे. राष्ट्राची घटना आपल्या अस्तित्वाचे कारण लोकांपलीकडे शोधीत नाही. राज्याच्या घटनेला मात्र पहिल्याच श्वासात दुसऱ्या कोणाशी असलेले नाते सांगावे लागते. तिसरे कलम तेच पुन्हा सांगते, आणि १४७ वे कलम बजावते की, हे तिसरे कलम व अधिकारांच्या व्याप्तीविषयीचे पाचवे कलम बदलणारे विधेयक मांडताच येणार नाही. सामीलीकरण अपरिवर्तनीय ठरविणारे एवढे सडेतोड कलम इतर कोणत्याही राज्याने लिहिलेले नाही, आणि तशी संधीही कोणास मिळाली नाही.

अधिकारांच्या वाटणीत मात्र तराजू उलटा झुकलेला दिसेल. भारताच्या घटनेत शेषाधिकार संसदेकडे. काश्मीरच्या पाचव्या कलमाची रचना अशी की, त्या राज्यासाठी कायदे करण्याचा संसदेला जेवढा अधिकार आहे तेवढा वगळून बाकीचा सर्व अधिकार राज्याचा. वाचताना हे भक्कम वाटते. नीट पाहिले म्हणजे ध्यानात येते की, पहिला अर्धा भाग किती मोठा हे ठरविणे या घटनेच्या हाती नव्हते. ते दिल्लीहून निघणाऱ्या राष्ट्रपतींच्या आदेशांवर, आणि राज्य सरकार त्यांस किती सहज रुकार देते यावर, अवलंबून होते.

मूलभूत हक्कांचे स्वतंत्र प्रकरण काश्मीरच्या घटनेत नाही. दहावे कलम म्हणते की, भारताच्या घटनेने दिलेले सर्व हक्क राज्याच्या कायम रहिवाशांस असतील. उलट मार्गदर्शक तत्त्वे तिची स्वतःची आहेत, कारण भारताच्या घटनेतील त्या विषयाचा चौथा भाग काश्मीरला लागूच नव्हता. नॅशनल कॉन्फरन्सच्या १९४४ सालच्या 'नया काश्मीर' या जाहीरनाम्याची छाया येथे पडली आहे. समाजवादी समाजरचना हे ध्येय तिने उघडपणे सांगितले. भारताच्या सरनाम्यात 'समाजवादी' हा शब्द येण्यास १९७६ साल यावे लागले. शिक्षकवर्गास विसाव्या कलमाचे अगत्य वाटेल. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस दहा वर्षांत सक्तीचे शिक्षण, हे आश्वासन दोन्ही घटनांत आहे. काश्मीरची घटना त्याच्याही पुढे जाऊन प्रत्येक कायम रहिवाशास विश्वविद्यालयाच्या पायरीपर्यंत मोफत शिक्षण मिळवून देण्याचा यत्न करण्यास सांगते. या बाबतीत ती निश्चितच मोठ्या बहिणीपेक्षा उदार होती.

जमिनीच्या प्रश्नात हे वेगळेपण प्रत्यक्ष फळास आले. १९५० च्या कायद्याने काश्मीरमध्ये १८२ कनाल, म्हणजे सुमारे पावणेतेवीस एकर, ही जमीनधारणेची मर्यादा ठरली आणि वरची जमीन मोबदला न देता कुळांकडे गेली. घटना समितीनेही मोबदला न देण्याच्या बाजूनेच कौल दिला. इतर राज्यांत जमीनदारी नष्ट करणारे कायदे मालमत्तेच्या मूलभूत हक्कावर आपटत होते आणि त्यासाठी १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करावी लागली. पुढचा विपर्यास पाहण्यासारखा आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने देशात मालमत्तेचा मूलभूत हक्क रद्द झाला. काश्मीरला ती तरतूद लागू न केल्याने, मोबदल्याविना जमिनी घेणाऱ्या त्या राज्यात हा हक्क २०१९ पर्यंत मूलभूतच राहिला.

'कायम रहिवासी' हा शब्द वर दोनदा आला. या घटनेचे मर्म त्यातच आहे आणि व्यंगही त्यातच. भारताची घटना एकच नागरिकत्व जाणते. काश्मीरच्या सहाव्या कलमाने भारतीय नागरिकांतून एक वर्ग वेगळा काढला: १४ मे १९५४ रोजी जे महाराजांच्या काळच्या व्याख्येप्रमाणे पहिल्या वा दुसऱ्या वर्गाचे राज्यप्रजाजन होते, अथवा रीतसर स्थावर मिळवून दहा वर्षे तेथे राहिलेले होते, ते. जमीन, सरकारी नोकरी, विधानसभेचे मत ही त्यांचीच. हिमालयाच्या कुशीतील लहान शेतकऱ्याची जमीन बाहेरच्या पैशापासून राखावी हा हेतू आम्हांस समजतो. महाराजांच्या कारकिर्दीत, १९२७ मध्ये, ही व्याख्या झाली ती मुख्यतः नोकऱ्यांसाठी काश्मिरी पंडितांनी व डोगऱ्यांनी केलेल्या मागणीवरून. परंतु फाळणीत पश्चिम पंजाबातून जम्मूस आलेल्या निर्वासितांस सत्तर वर्षे लोकसभेला मत देता येई आणि विधानसभेला नाही, १९५७ मध्ये पंजाबातून आणलेल्या सफाई कामगारांच्या नातवंडांस राज्याच्या नोकरीत झाडूखेरीज दुसरे काम मिळत नसे, आणि बाहेरच्याशी विवाह करणाऱ्या स्त्रीचा रहिवासाचा हक्क २००२ च्या उच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत हिरावला जाई, याचे समर्थन त्या हेतूने होत नाही.

राज्याच्या प्रमुखाविषयीची तरतूद मूळची मोठी विचारपूर्वक केलेली होती. इतर राज्यांत राज्यपाल दिल्लीहून नेमून येतो. काश्मीरचा 'सदर-इ-रियासत' विधानसभा निवडी आणि राष्ट्रपती त्यास मान्यता देई. राज्यपालपदाविषयी आज जी भांडणे सर्व राज्यांत ऐकू येतात, त्यांवर हा एक उपाय हाताशी होता. तो अवघी आठ वर्षे टिकला. १९६५ मध्ये राज्याच्या स्वतःच्याच सहाव्या घटनादुरुस्तीने सदर-इ-रियासतचा राज्यपाल झाला, तो राष्ट्रपतींनी नेमायचा झाला, आणि राज्याचा पंतप्रधान मुख्यमंत्री झाला. त्याच्या आदल्या वर्षी राष्ट्रपती राजवटीचा अनुच्छेद ३५६ लागू झालेला होता. घटना बदलण्यासाठी प्रत्येक सभागृहाच्या एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांशांचे बहुमत लागे, म्हणजे भारताच्या घटनेपेक्षाही अट कडक. आणि तरी बदल सहज झाला. दरवाजा कितीही जाड असला तरी आतल्याने कडी काढली की तो उघडतोच. राज्याच्या घटनेचे खरे खच्चीकरण आमच्या मते याच काळात झाले. पुढले फार थोडे काम उरले होते.

ते २०१९ मध्ये झाले. जून २०१८ मध्ये सरकार पडल्यावर काश्मीरच्या घटनेच्या ९२ व्या कलमाखाली राज्यपालांची राजवट आली. सहा महिन्यांची मुदत संपताच अनुच्छेद ३५६ ची राष्ट्रपती राजवट. तिच्यात विधानसभेचे अधिकार संसदेकडे गेले. ५ व ६ ऑगस्ट २०१९ च्या आदेशांनी भारताची घटना संपूर्ण लागू होऊन अनुच्छेद ३७० निष्प्रभ झाला आणि ३१ ऑक्टोबरपासून राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. राज्याच्या घटना समितीच्या शिफारशीवाचून हे करता येईल काय, हा वादाचा गाभा होता; ती समिती तर १९५७ मध्येच विसर्जित झालेली. एका पक्षाचे म्हणणे असे की, समिती गेली तेव्हाच अनुच्छेद कायम झाला. दुसऱ्याचे असे की, जी समिती नाही तिची शिफारस अडसर होऊ शकत नाही. ११ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी दुसरे म्हणणे उचलून धरले. 'घटना समिती' या शब्दांच्या जागी 'विधानसभा' वाचण्याची आदेशातील युक्ती त्यांनी अवैध ठरविली, पण शेवट मान्य केला. राज्याच्या घटनेस आता काही कार्य उरलेले नाही असेही सांगितले. कायद्याचा प्रश्न त्याने संपला. ज्या राज्याच्या भवितव्याचा निर्णय होतो त्याची विधानसभा त्या वेळी अस्तित्वात नसावी, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास मात्र टोचत राहील. ज्यांना निर्णय इष्ट वाटतो त्यांनाही ती टोचावयास हवी.

आमच्या संस्थेसारख्या संस्थांनी आवर्जून पाहावे असे एक कलम शेवटी राहिले. १४५ व्या कलमाने उर्दू ही राजभाषा ठरली. खोऱ्यातील बहुसंख्यांची काश्मिरी आणि जम्मूकडची डोगरी यांना तो मान मिळाला नाही. त्यांची नावे सहाव्या परिशिष्टात गेली. पण लगेच पुढचे १४६ वे कलम असे आहे की, राज्यात कला, संस्कृती व भाषा यांची एक अकादमी स्थापन करावी आणि तिच्याद्वारे हिंदी, उर्दू व परिशिष्टातील प्रादेशिक भाषांच्या वाढीस वाव द्यावा. १९५८ मध्ये ती अकादमी निघाली. साहित्याची अकादमी घटनेनेच आज्ञा करून स्थापावी, असे भारताच्या घटनेतही नाही. दिल्लीची साहित्य अकादमी झाली ती सरकारच्या ठरावाने. काश्मिरी, डोगरी, लडाखी, पहाडी या भाषांतील ग्रंथ व नियतकालिके या संस्थेने कितीतरी वर्षे प्रसिद्ध केली. २०२० मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने काश्मिरी व डोगरी या भाषांना उर्दू, हिंदी व इंग्रजीबरोबर राजभाषेचे स्थान मिळाले. अकादमी मात्र तिला जन्म देणारी घटना गेल्यावरही चालू आहे.